वन्य प्राण्यास भूल व उतारा

किल्लारी व औसा या भागात दाट जंगल नाही. तरीही हरणे, रानडुकरे व लांडगे येथील शेतकऱ्यांस परिचित आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये तर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात वाघ आढळला. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालून आला होता. त्यास बेशुद्ध करून पकडण्यासाठी २०२५ मध्ये वनखात्याची पथके आली. परंतु महिनोन्‌महिने प्रयत्न करूनही तो हाती लागला नाही. भुलीची बंदूक आणली की काम झाले, ही समजूत बरोबर नाही. या उपायाची शक्ती व मर्यादा ग्रामकार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

भूल कशी देतात ?

न्यूझीलंडमधील पशुवैद्य कॉलिन मर्डॉक यांनी १९५० नंतरच्या दशकात भुलीची बंदूक तयार केली. या बंदुकीतून गोळी नव्हे, तर औषधाने भरलेली सुई हवेच्या दाबाने सुटते. ती मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूत लागावी लागते. बिबट्या व वाघ यांस बहुधा झायलाझिन व केटामिन ही औषधे एकत्र देतात. पहिल्याने स्नायू सैल पडतात, दुसऱ्याने शुद्ध हरपते. औषध रक्तात भिनण्यास साधारणतः दहा ते पंधरा मिनिटे लागतात. तेवढ्या अवधीत प्राणी उसात किंवा तुरीत शिरून दिसेनासा होऊ शकतो. गोंगाटाने बिथरलेल्या प्राण्यावर औषध उशिरा चढते व मात्रा अपुरी पडते.

उतारा म्हणजे काय ?

काम आटोपल्यावर प्राण्यास सावध करण्यासाठी दुसरे औषध टोचतात. हाच उतारा होय. झायलाझिनवर योहिंबिन किंवा अटिपामेझोल हे उतारे आहेत. केटामिनवर मात्र उतारा नाही. म्हणून त्याचा अंमल ओसरेपर्यंत पशुवैद्य थांबतात. घाई केल्यास प्राण्यास झटके येण्याचा संभव असतो. हत्ती व गेंडा यांच्यासाठी वापरले जाणारे एटॉर्फिन अतिशय जहाल असून त्यावर डायप्रेनॉर्फिन हा उतारा आहे. एटॉर्फिनचा लहानसा अंशही माणसाचा प्राण घेऊ शकतो. यास्तव शेतात पडलेली सुई कोणीही हाती घेऊ नये.

बेशुद्ध प्राण्याची निगा

केटामिनच्या अंमलात डोळे उघडेच राहतात. म्हणून त्यांवर मलम लावून कापड झाकतात. उन्हात अंगाचा ताप वाढतो, तेव्हा सावली करून पाणी शिंपडतात. हरीण, नीलगाय हे रवंथ करणारे प्राणी आडवे पडल्यास त्यांचे पोट फुगते. त्यांस छातीवर बसते ठेवून मान वर व तोंड खाली करावे लागते. पाठलागाने दमलेले हरीण पुढे काही दिवसांनीही स्नायू निकामी होऊन दगावते.

गावाने काय करावे ?

१. प्राणी दिसताच वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे.

२. गर्दी हटवावी, पाठलाग करू नये, दगड मारू नयेत. प्राण्यास निघून जाण्याची वाट मोकळी ठेवावी. मुले व गुरे आत घ्यावीत.

३. बिबट्या पाण्याच्या विहिरीत पडल्यास भूल देण्याचा आग्रह धरू नये. बेशुद्ध प्राणी बुडून मरतो. दोरांनी बांधलेली बाज आत सोडून त्यास आधार द्यावा व पिंजऱ्याची वाट पाहावी.

४. विहिरींना कठडे बांधावेत.

५. गुरांची भुलीची औषधे घेऊन कोणीही स्वतः प्रयोग करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये बिबट्या व वाघ यांस पकडण्यास मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी लागते.

सारांश, भूल व उतारा हे पशुवैद्याचे काम आहे. त्यास लागणारी शांतता राखणे हे गावाचे काम आहे. शांतता राहिली तर माणूस व प्राणी या दोघांचाही जीव वाचतो.