बागेतील हौदात मांगूर

बंगालमध्ये मांगूर, शिंगी आणि कोई या माशांना 'जिओल माछ' म्हणजे जिवंत ठेवावयाचे मासे असे म्हणतात. बाजारातून आणल्यावर ते लगेच कापण्याची निकड नसते. थोडे पाणी घातलेल्या हंडीत ते काही दिवस सहज जगतात, आणि आजारातून उठलेल्या माणसास मांगुराचा पातळ रस्सा देण्याची तेथील घरांतून जुनी चाल आहे. ज्या माशाला हंडी पुरते त्याला बागेतील हौद म्हणजे राजवाडाच, असे नवशिक्यास वाटले तर नवल नाही. किंबहुना पहिला मासा म्हणून मांगूरच पाळावा, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो तो याच समजुतीने. हा सल्ला अर्धाच खरा आहे.

मांगुराच्या काटकपणाचे कारण त्याच्या डोक्यात आहे. इतर माशांप्रमाणे त्याला कल्ले असतातच. पण कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, आणि दुसऱ्या व चौथ्या कल्ला-कमानींपासून निघालेली, झाडाच्या फांद्यांसारखी पसरलेली लाल इंद्रिये तिच्यात असतात. रक्तवाहिन्यांनी भरलेल्या या इंद्रियांच्या साहाय्याने मांगूर हवेतील प्राणवायू घेतो. दर काही मिनिटांनी तो तळापासून वर येतो, तोंड बाहेर काढून हवेचा घोट घेतो आणि क्षणात खाली जातो. त्याला लागणाऱ्या प्राणवायूचा फार मोठा भाग अशा रीतीने हवेतून येतो. म्हणूनच ज्या डबक्यात रोहू वा कटला तासाभरात गुदमरून मरेल, तेथे मांगूर तग धरतो. उलट, पाणी कितीही निर्मळ असले तरी त्याला दीर्घकाळ वर येऊ दिले नाही, तर तो गुदमरतो.

यातच नवशिक्याची फसगत आहे. पाणी बिघडले की दुसरा मासा मरतो आणि चूक उघडकीस येते. मांगूर मरत नाही; तो सोसतो. प्राणवायू तो हवेतून घेऊ शकतो, पण पाण्यात विरघळलेल्या विषापासून कल्ल्यांचा व उघड्या, खवलेहीन कातडीचा बचाव त्याला करता येत नाही. मासा जगतो आहे एवढ्यावरून पाणी चांगले आहे असे ठरविणे, ही मांगूर पाळणाऱ्याची सर्वांत मोठी चूक होय.

हे विष बाहेरून येत नाही. माशाच्या उत्सर्जनातून आणि न खाल्लेल्या अन्नाच्या कुजण्यातून अमोनिया तयार होतो. जुन्या हौदातील दगड, चिखल व वनस्पतींवर राहणारे सूक्ष्मजंतू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या हौदात हे जंतू नसतात. त्यांची वस्ती जमावयास चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, पाणी अल्कधर्मी होते, आणि अशा पाण्यात अमोनिया अधिकच जहाल ठरतो. यास्तव हौद बांधून झाल्यावर तो दोन-तीन आठवडे भरून ठेवावा, आणि तेवढ्या अवधीत अनेकदा रिकामा करून पुन्हा भरावा. नंतर जुन्या तळ्यातील थोडा चिखल व पाणवनस्पती आणून टाकाव्यात आणि प्रथम एक-दोनच मासे सोडावेत. नळाचे पाणी वापरावयाचे असल्यास उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन बव्हंशी उडून जातो.

हौद सुमारे २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि पाऊण मीटर पाण्याचा असला, तर एक वीत लांबीचे सहा मांगूर त्यात सुखाने राहतील. दिवसा ते अंधारात दडून बसतात; त्यांच्यासाठी तळाशी मातीच्या नळ्याचे तुकडे किंवा फुटके माठ आडवे ठेवावेत. कमळे लावावयास हरकत नाही, मात्र निम्मे पृष्ठ तरी उघडे राहिले पाहिजे. कारण वर सांगितलेच आहे. गप्पी वा सोनमासे जोडीला सोडू नयेत. रात्री चरणारा हा मासा तोंडात मावेल ते गिळतो, आणि सकाळी सोनमाशांची संख्या कमी भरते.

भिंत पाण्याच्या वर निदान ४० सेंटिमीटर असावी व वरून जाळी ताणावी. पावसाळ्यात, विशेषतः रात्री सरी कोसळत असता, मांगूर हौद सोडून निघतो. छातीच्या परांचे कणखर काटे जमिनीत रोवीत व अंग वळवीत तो ओल्या गवतावरून बरेच अंतर कापतो. हेच काटे हाताळताना बोटात शिरले तर जखम फार ठणकते. मासा नेहमी ओल्या फडक्याने वा जाळ्याने धरावा. शिंगीचा काटा तर विषारीच असतो, तेव्हा तो मासा शाळेच्या हौदात नसलेला बरा.

अन्न दिवेलागणीस द्यावे. गांडुळे, सुक्या मासळीचा चुरा, शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा यांचे गोळे त्यास चालतात. रोजचे अन्न माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा दोन-तीन भागांहून अधिक नसावे, आणि अर्ध्या तासात जे उरेल ते काढून टाकावे. उत्तर हिंदुस्थानच्या थंडीत मासा सुस्त होतो व खात नाही. तेव्हा अन्न घालणे म्हणजे पाण्यात कचरा टाकणे होय.

मग पाणी बिघडले हे ओळखावे कसे? मासाच सांगतो, पण हलक्या आवाजात. रोज एकाच वेळी, पाव तास हौदाकाठी स्वस्थ बसून, मासे हवेसाठी किती वेळा वर आले ते वहीत लिहावे. शेजारी पाण्याचे तापमानही नोंदवावे, कारण उष्ण पाण्यात ही संख्या वाढणारच. तापमान तेच असून संख्या चढू लागली, तर पाण्यातील प्राणवायू घटला आहे असे समजावे. मिशांची टोके झिजून लाल दिसणे, अन्नाकडे पाठ फिरविणे, कातडीवर पांढुरका थर येणे, या त्यापुढील पायऱ्या. अशा वेळी अन्न बंद करावे आणि पाण्याचा चौथा हिस्सा बदलावा. सगळे पाणी एकदम बदलू नये. विद्यार्थ्यांना महिनाभर अशी नोंद ठेवावयास लावल्यास जीवशास्त्राचे अनेक धडे आपोआप होतात.

राहिला प्रश्न मांगूर आणावयाचा कोठून. १८२२ साली हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरील ग्रंथात या माशाचे देशी नावच शास्त्रीय नावात घेतले. पुढे बराच काळ त्याला जावा बेटातील बॅट्राकस या जातीत गणत. २००८ मधील संशोधनाने ती जात जावापुरती मर्यादित ठरली, आणि आपला मासा पुन्हा क्लॅरियस मागुर झाला. बिहारचा हा राज्यमत्स्य आज संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. बाजारात 'थाई मांगूर' म्हणून विकला जाणारा मासा मात्र निराळा. तो मूळचा आफ्रिकेचा, मीटरभराहूनही लांब वाढणारा व अतिशय खादाड असून, त्याच्या संवर्धनावर केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली आहे. लहान पिले दिसावयास इतकी सारखी असतात की नवशिक्याने डोळ्यांवर विसंबू नये. शासकीय मत्स्यबीज केंद्रातून किंवा मत्स्यव्यवसाय खात्याने सुचविलेल्या ठिकाणाहूनच बीज घ्यावे.

हौद मोडावयाची वेळ आली तर मासे नदीत सोडून पुण्य जोडण्याचा मोह होतो. तो टाळावा. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९६० नंतरच्या दशकात मत्स्यशाळांतून निसटलेले असेच चालणारे मासे कालव्याकालव्यांतून पसरले व ते आजही तेथे आहेत. आपला मांगूर देशी असला, तरी हौदातील रोग नदीतील माशांना लागू शकतो, आणि जात ओळखण्यात चूक झाली असेल तर ती मग सुधारता येत नाही. मासे दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावेत, अथवा मत्स्यव्यवसाय खात्यास कळवावे.