चिमे, फॉर्म नंतर भर

अगं चिमे, एमपीएचसाठी, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, तू केलेली यादी पाहिली. टिस, जेएनयू, तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर, शिवाय अमेरिकेतली चार नावं. यादी चांगलीच आहे. पण 'एमपीएच का?' याच्यापुढे तू लिहिलंयस 'समाजसेवेची आवड'. ते आधी खोड. अर्ज वाचणाऱ्यांनी ही आवड आणि 'कोविडने माझे डोळे उघडले' इतक्यांदा वाचलंय, की त्यांची नजर आपसूक पुढच्या ओळीवर जाते.

तू दातांची डॉक्टर. खुर्चीत येऊन बसतो तो तुझा पेशंट. सार्वजनिक आरोग्याचं काम मात्र खुर्चीपर्यंत न आलेल्या माणसापासून सुरू होतं. दवाखान्यात फक्त अंश दिसतो, छेद बाहेर गावात असतो. डॉ. राणी बंग यांचंच बघ ना. त्यांनी आणि त्यांचे पती अभय बंग यांनी जॉन्स हॉपकिन्समधून हीच पदवी घेतली. पण त्याआधी दोघांनी वर्ध्याकडच्या गावांत काम केलेलं होतं. परतल्यावर गडचिरोलीत राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ साली तो निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. नुसतं दवाखान्याचं रजिस्टर चाळून हे कुणाला कळलं असतं, सांग?

तुझ्याजवळ असा प्रश्न आहे, तुला तो दिसत नाहीये इतकंच. गेल्या दिवाळीत तूच म्हणालीस, की कॅम्पमध्ये येणाऱ्या निम्म्या बायका तंबाखूची मिश्री लावतात आणि विचारलं की 'नाही' म्हणतात. अगं, हेच लिही! आपल्या तालुक्यात किती जणी लावतात, गरोदरपणात सोडतात का, नाही म्हणणाऱ्या खरं कुणाला सांगतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकं नेटवर फुकट आहेत, त्यात बायकांच्या तंबाखूचा आकडाही आहे. तो काढ आणि आपल्या कॅम्पच्या वहीशेजारी ठेव. दोन्ही बहुधा जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, यावर चार ओळी लिहिता आल्या की तुझा एसओपी, म्हणजे अर्जासोबतचा 'हे का शिकायचंय' हा निबंध, निम्मा झाला. आणि टिसच्या मुलाखतीत हा विषय निघालाच, तर २०१६-१७चं तंबाखूचं राष्ट्रीय सर्वेक्षण त्यांनीच केलं होतं, हे ठाऊक असू दे.

मग थोडं पायी फिर. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, म्हणजे एमओंना, भेट, लसीकरणाच्या दिवशी आशाताईंबरोबर जा. तिथे डॉक्टरकी दाखवू नकोस, वही धर आणि गप्प बस. कुणाचं मूल आलं नाही आणि का, हे आशाताईंना घरागणिक पाठ असतं. ऊसतोडीला गेलेल्या घराचं कुलूप कुठल्या महिन्यात उघडतं, तेसुद्धा.

शिफारसपत्रासाठी मोठ्या पदाच्या मागे लागू नकोस. डीनसाहेबांनी सही केलेल्या गुळगुळीत चार ओळींपेक्षा, तुला उन्हात फिरताना पाहिलेल्या एमओंचं पत्र कितीतरी बोलकं असतं. फक्त त्यांना दोन महिने आधी सांग, आणि सोबत आपल्या कामाचा कागद दे.

गणिताची भीती वाटते म्हणालीस. बायोस्टॅटिस्टिक्स आणि एपिडेमियॉलॉजी यांतून कुणाचीच सुटका नाही. पण दर म्हणजे काय, प्रमाण म्हणजे काय, नमुना कसा निवडतात, एवढं पक्कं करून गेलीस तर पहिलं सत्र रडत जाणार नाही. टिसला आता सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेतून जावं लागतं, तेव्हा त्या तारखांवर लक्ष ठेव. अमेरिकेतल्या बऱ्याच ठिकाणचा अर्ज सोफास नावाच्या एकाच पोर्टलवरून जातो, आणि आपल्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन वेगळं करून घ्यावं लागतं. ट्रान्सक्रिप्टच्या मागे आत्तापासूनच लाग. जीआरई परीक्षा बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक झालीय, तेव्हा क्लासची फी भरण्याआधी प्रत्येक ठिकाणचा नियम नीट वाच.

आता एक कडू गोष्ट. एमपीएच म्हणजे डॉक्टरांची समाजवैद्यकातली एमडी (एमडी पीएसएम) नव्हे. मेडिकल कॉलेजात प्राध्यापकीचा सरळ रस्ता यातून जात नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बऱ्याच जागा ११ महिन्यांच्या कंत्राटावर असतात, पगार स्वतःच्या क्लिनिकच्या कमाईच्या जवळपासही जात नाही. कर्ज काढून परदेशी जायचं असेल, तर परतून हे हप्ते कुठून फेडणार, याचा हिशेब आधी कागदावर मांड. मला विचारशील तर आधी इथल्याच सरकारी संस्थांत प्रयत्न कर. पण हे माझं मत, तुझा हिशेब वेगळा निघू शकतो.

काका 'क्लिनिक टाकून हे काय?' म्हणणारच. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना मी बघते. तू मिश्रीवरचं ते एक पान लिही आणि रविवारी मला पाठव. इंग्रजी नको, आधी मराठीतच लिही.