पहिले चोवीस तास घट्ट, बाकी सैल

आमच्या घरात परदेश म्हणजे टूर कंपनी, हे ठरलेलंच होतं. पैसे भरायचे, टोपी घालायची, झेंड्याच्या मागे चालायचं. त्यात वाईट काही नाही. मीही दोनदा तशी जाऊन आले आहे. पण निवृत्तीनंतर धाकटी जाऊ म्हणाली, “ताई, या खेपेला आपण दोघीच जाऊ या.” आम्ही दहा रात्रींसाठी व्हिएतनामला गेलो. खालची कृती त्या सहलीतून आणि आमच्या चुकांतून तयार झाली आहे.

पहिल्याच खेपेला व्हिएतनाम का? मुंबईहून हानोईला थेट विमान आहे आणि ते साधारण पाच तासांत पोचतं. व्हिसा घरबसल्या मिळतो. घड्याळ फक्त दीड तास पुढे करावं लागतं. खर्चही आवाक्यातला. युरोप दुसऱ्या खेपेला ठेवा.

एक सूत्र आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. परदेशात उतरल्यापासूनचे पहिले चोवीस तास मिनिटामिनिटाने ठरवा आणि बाकीचे दिवस सैल सोडा. माणसं नेमकं उलटं करतात. दहाही दिवसांचा तक्ता आखतात आणि विमानतळाबाहेर पडल्यावर कुठल्या गाडीत बसायचं, ते मात्र ठरवत नाहीत.

चार महिने आधी: पासपोर्ट आणि नाव

पासपोर्ट कपाटातून काढा आणि मुदत बघा. परतीच्या तारखेनंतरही सहा महिने शिल्लक हवेत. नसतील, किंवा पासपोर्टच नसेल, तर आजच अर्ज करा. 36 पानी पासपोर्टचं शुल्क 1500 रुपये आहे. जवळच्या टपाल कार्यालयातही केंद्र असू शकतं, तेव्हा मोठ्या शहरातच जावं लागेल असं धरून चालू नका. पोलीस पडताळणीला घरी कोणी नसलं की फाइल रेंगाळते.

आता नाव. आपल्याकडे नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तीन मजले असतात. पासपोर्टवर पहिले दोन एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात येतं. विमानाचं तिकीट, व्हिसाचा अर्ज, विमा या तिन्ही ठिकाणी पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, त्याच स्पेलिंगने भरा. जावेने तिकीट काढताना मधलं नाव गाळलं होतं. ते दुरुस्त करून घेण्यात तिची आख्खी दुपार फोनवर गेली.

तीन महिने आधी: महिना, मार्ग, तिकीट

व्हिएतनाम उभा, लांबट देश आहे. उत्तरेत एक हवा तर मध्यभागी दुसरीच. हानोईत डिसेंबर-जानेवारीत स्वेटर लागतो. मध्य भागात सप्टेंबर ते डिसेंबर पाऊस असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होई आनच्या गल्ल्यांत पाणी शिरतं. दोन्हीकडे जायचं तर मार्च-एप्रिल बरे. तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं. त्या आठवड्यात दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या असतात, म्हणून तो टाळा.

आता कालनिर्णय काढा. होई आनमध्ये चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मंद करतात आणि कंदील लावतात. त्यांचा महिना आपल्यापेक्षा थोडा आधी सुरू होतो, त्यामुळे ही रात्र पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधी येते. नेमकी तारीख हॉटेलला विचारून घ्या आणि मगच विमानाची तारीख ठरवा.

मार्ग: हानोईत चार रात्री, एक रात्र रेल्वेत, ह्वेमध्ये एक, होई आनमध्ये चार. संपला मार्ग. हो ची मिन्ह सिटी राहिली, मेकाँग राहिली, याची हळहळ करू नका. सामान बांधण्यात आणि सोडण्यात सहल कशी जाते, ते टूरवाल्यांबरोबर आपण पाहिलेलंच आहे. परतीला दा नांगहून हानोईला देशांतर्गत विमान घ्या. स्वस्त विमानांत हातातलं सामान बहुधा सात किलोच चालतं; तिकिटावर वाचून घ्या आणि बॅग घरी वजनकाट्यावर ठेवून बघा.

दीड महिना आधी: व्हिसा

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरून काढायचा. एका प्रवेशाचं शुल्क 25 डॉलर आहे. त्याच्यासारखी दिसणारी आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी खासगी संकेतस्थळं शोधात आधी वर येतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ आहे का, ते बघा. अर्जात कुठल्या विमानतळावर उतरणार ते निवडावं लागतं, म्हणून तिकीट आधी. जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. मंजुरी आली की कागदावर दोन प्रती छापा. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

याच वेळी प्रवास विमा घ्या आणि त्यातली बारीक अक्षरं वाचा, विशेषतः दुचाकीच्या अपघाताबद्दलची. तिकडे भाड्याची स्कूटर गल्लोगल्ली मिळते आणि मोह होतो. माझं मत विचाराल तर घेऊ नका.

पंधरा दिवस आधी: पैसे

इथे मी आपटले, म्हणून सावकाश सांगते. हानोईच्या विमानतळावर पैसे काढायला गेले, तर यंत्राने माझं कार्ड तीनदा परत दिलं. खात्यात पैसे होते. पण रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशात चालतं; परदेशातला वापर आपणच सुरू करावा लागतो. मी तो केलाच नव्हता. सुरू करायला बँकेच्या अ‍ॅपमध्ये गेले, तर ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार आणि त्याचं रोमिंग बंद. शेवटी जावेच्या कार्डावर दोन दिवस काढले.

तेव्हा कार्डाचा परदेशी वापर घरीच सुरू करा. भारतातल्या सिमवर निदान एसएमएसपुरतं रोमिंग चालू ठेवा. दोन वेगळी कार्डं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. थोडे डॉलर रोख असू द्या, नोटा मात्र कोऱ्या हव्यात. तिथे यंत्राने “रुपयांत की दोंगमध्ये?” असं विचारलं तर दोंग, म्हणजे तिथलं चलन, निवडा; रुपये निवडले की वाईट दर लागतो. यूपीआयच्या भरवशावर निघू नका.

हिशोब सोपा आहे. तीन शून्यं खोडा आणि उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणा. होई आनच्या जुन्या गावाचं तिकीट आम्ही गेलो तेव्हा 1,20,000 दोंग होतं, म्हणजे जेमतेम सव्वाचारशे रुपये. मोठ्या नोटा प्लास्टिकच्या आणि सगळ्यांवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसर! पहिल्याच दिवशी पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात टाका.

पहिले चोवीस तास

हे कागदावर लिहा, फोनमध्ये नको.

रात्री उशिरा मुंबईहून निघालेलं विमान हानोईत सकाळी उतरतं आणि हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळते. ही मधली वेळ अपुऱ्या झोपेची असते आणि सगळ्या चुका याच वेळी होतात. एक तर आदल्या रात्रीपासूनच खोली घ्या, नाहीतर लवकर खोली मिळेल का ते लेखी विचारा. पहिल्या रात्रीच्या हॉटेलात काटकसर नको. हॉटेलचं नाव आणि पत्ता व्हिएतनामी लिपीत छापून घ्या. त्यांचं लिखाण रोमन अक्षरांत असलं तरी वरच्या खुणांनी शब्द बदलतो.

विमानतळावरच सिम घ्या. शहर साधारण तीस किलोमीटरवर आहे. ‘ग्रॅब’ हे अ‍ॅप भारतातच टाकून ठेवा. भाडं आधीच दिसतं, घासाघीस उरत नाही. बसच हवी असेल तर 86 नंबरची जुन्या शहरातून रेल्वे स्टेशनपर्यंत जाते. “मॅडम टॅक्सी” म्हणत मागे येणाऱ्याला हसून मान हलवा आणि चालत राहा.

त्या दिवशी फक्त एक काम करायचं: रस्ता ओलांडायला शिकायचं. स्कूटरींचा लोंढा थांबत नाही. पदपथावरून उतरा आणि एका संथ गतीने चालत राहा. धावू नका, मध्येच थबकू नका, मागे तर मुळीच फिरू नका. तुमची चाल बघून स्कूटरवाले स्वतःच बाजूने वळतात. मोटारी आणि बस मात्र वळत नाहीत, त्यांना जाऊ द्या. जाऊ पहिल्यांदा माझा दंड धरून डोळे मिटून पलीकडे गेली. संध्याकाळपर्यंत ती पुढे आणि मी मागे.

संध्याकाळी होआन कीएम तळ्याभोवती एक फेरी मारा. शनिवार-रविवार तिथले रस्ते पायी चालणाऱ्यांसाठी मोकळे असतात. मग जेवण आणि झोप.

जेवण

आपल्याकडच्या शाकाहारी माणसाला धास्ती याचीच. एक शब्द पाठ करा, ‘चाय’. म्हणजे चहा नव्हे, शाकाहार. “तोइ आन चाय” म्हणजे मी शाकाहारी आहे. पाटीवर ‘क्वान चाय’ दिसलं की बिनधास्त आत शिरा. बौद्ध परंपरेतलं हे जेवण कांदा-लसूणही टाळतं, त्यामुळे आमच्या जावेचा चातुर्मास तिथे आपोआप पाळला गेला असता. महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तिथली बरीच माणसं चाय खातात आणि एरवी मांस विकणाऱ्या गाड्यांवरही ते मिळतं.

साध्या हॉटेलात भाजी मागवली तरी तिच्यात ‘नुओक माम’ असू शकतं. ते माशांचं मीठवणी आणि तिकडच्या स्वयंपाकाचा कणा. ते नको असेल तर आधी सांगा. कॉफी मात्र कुठेही प्या; दाट गोड दुधावर ठिबकणारी बर्फाची कॉफी पिऊन मला घरची कॉफी पाणचट वाटायला लागली. हानोईची अंड्याची कॉफीही प्रसिद्ध आहे, खाणाऱ्यांसाठी. मेथीचे ठेपले आणि चटणी न्या, पण दोन दिवसांची. दहा दिवसांची नेलीत तर दहा दिवस तेच खाल.

उरलेले दिवस

रोज एकच ठरलेली गोष्ट, तीही सकाळी. दुपारी झोप किंवा भटकंती. हानोईच्या जुन्या शहरात गल्ल्यांची नावं धंद्यांवरून आहेत: हांग बाक चांदीची, हांग मा कागदी वस्तूंची. तांबट आळी, बोहरी आळी माहीत असलेल्या पुणेकराला तिथे नकाशा लागत नाही. वाङ्मय-मंदिर 1070 सालचं. तिथे दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिळा उभ्या आहेत आणि त्यांवर परीक्षा पास झालेल्यांची नावं कोरलेली आहेत. हो ची मिन्ह यांची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, बाकी दिवशीही फक्त सकाळी उघडी.

हानोई ते ह्वे रात्रीच्या गाडीने जा, 688 किलोमीटर, चार बर्थचा डबा. ह्वेमध्ये 1802 ते 1945 पर्यंतच्या न्विएन राजांचा किल्ला आहे. अर्धा दिवस पुरतो. पुढे दा नांगपर्यंत गाडी हाय व्हान घाटातून समुद्राच्या कडेकडेने जाते. आगगाडीच्या दिशेने तोंड केलं की डावीकडची खिडकी घ्या. होई आनला रेल्वे नाही, दा नांगहून तीस किलोमीटर गाडीने जायचं.

होई आनहून एका पहाटे ‘मी सन’ला जा. चाम राजांची विटांची शिवमंदिरं, चौथ्या शतकातल्या भद्रवर्मनपासूनची, संस्कृत शिलालेखांसकट. 1969 साली अमेरिकी बॉम्बहल्ल्यात सगळ्यात मोठा मनोरा पडला. अलीकडे आपल्या पुरातत्त्व खात्याने काही मंदिरांची डागडुजी केली. त्या कामात 2020 मध्ये नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. दहाच्या आत परत फिरा, ऊन फार होतं.

बाकी होई आनमध्ये काहीही ठरवू नका. आम्ही एक आख्खा दिवस नदीकाठी बसून काढला. टूरमध्ये हा दिवस मिळाला नसता.

अडलं तर

पोलीस 113, अग्निशमन 114, रुग्णवाहिका 115. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत नोंद करा, मग हानोईतला भारतीय दूतावास गाठा. पासपोर्ट आणि व्हिसाची एक प्रत घरी ठेवा, एक दुसऱ्या बॅगेत. रोज रात्री घरी एक निरोप टाका. तो ठरलेल्या वेळी आला नाही तर काय करायचं, हे मुलांना सांगून निघा.

आणि उरलेले दोंग हानोईच्या विमानतळावरच संपवा. मी चार लाख परत आणले, ते अजून देवघराच्या खणात पडून आहेत.