साधी सर्दी आणि कर्करोगाचा वॉर्ड

सर्दीला आपण आजार मानीतच नाही. नाक गळत असले तरी आपण तासाला बसतो, लग्नाला जातो आणि आजारी नातेवाइकाच्या भेटीलाही जातो. मीही तसाच गेलो होतो, आणि त्या भेटीतून हा लेख निघाला.

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या मावशीला रक्ताच्या कर्करोगावरील उपचारासाठी रुग्णालयात ठेवले होते. पहिल्या रविवारी मी भेटायला गेलो तेव्हा मला नुकतीच सर्दी झाली होती. कुणी विचारले नाही, मीही सांगितले नाही. मावशीशेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. त्यांना पाण्याचा पेला भरून दिला, उशी सारखी करून दिली. पुढच्या रविवारी मात्र वॉर्डच्या दाराशीच एक सिस्टर उभ्या होत्या. "नेगडी ऐतेनु?" त्यांनी विचारले. सर्दी आहे का? नाक अजून वाहत होते, नाही म्हणता येईना. त्यांनी माझ्या हातातला डबा तेवढा घेतला आणि मला बाहेरच थांबविले. खरे सांगतो, मला राग आला. मग कळले की त्या आठवड्यात वॉर्डातील तिघांना सर्दी-ताप आला होता, आणि ते आजोबा न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात होते.

तो विषाणू मीच आत नेला होता का, हे मला कधीच कळणार नाही. पण मी सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी. वर्गात शिकलेले दाराबाहेर विसरलो, याची टोचणी लागली आणि वाचायला बसलो.

कर्करोगाची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना मारतात. कर्कपेशी मरतातच, पण त्यांच्याबरोबर अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही मरतात. विषाणूंशी झुंजणाऱ्या लसिकापेशी कमी पडल्या की जो विषाणू आपल्या नाकातच अडतो, तो अशा रुग्णाच्या फुप्फुसापर्यंत उतरतो. शिवाय ताप, सूज, खोकला ही बरीचशी शरीराच्या प्रतिकाराची चिन्हे. प्रतिकारच दुबळा असेल तर चिन्हेही पुसट दिसतात. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. निरोगी माणूस बहुधा आठवडाभर विषाणू बाहेर टाकतो, तर प्रतिकारशक्ती खचलेला रुग्ण कित्येक आठवडे टाकीत राहतो. म्हणजे आत शिरलेला विषाणू वॉर्डात मुक्कामच ठोकतो.

अशा विषाणूंपैकी एकाचा मी विशेष अभ्यास केला. त्याचे नाव रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, थोडक्यात आर.एस.व्ही. १९५६ साली तो प्रथम सापडला तो माणसांत नव्हे, तर सर्दी झालेल्या चिंपांझींत. तो बाधित पेशींना एकमेकींत मिसळवून त्यांचा एकच गोळा करतो, त्यावरून हे नाव पडले. तान्ह्या मुलांचा शत्रू म्हणून तो प्रसिद्ध आहे. थोरांना मात्र तो साध्या सर्दीसारखाच भासतो, आणि म्हणूनच थोरांच्या हातून पसरतो.

अमेरिकेतील सिॲटल येथील अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्रात १९९० च्या सुरुवातीस त्याची साथ आली. तेरा आठवड्यांत ३१ रुग्णांना लागण झाली. त्यांपैकी १८ जणांना न्यूमोनिया झाला, आणि त्या १८ पैकी १४ दगावले. हा आकडा मी दोनदा वाचला. कर्करोगाशी लढून, दुसऱ्याची मज्जा घेऊन जगण्याच्या उंबरठ्यावर आलेली ही माणसे, आणि आजाराची सुरुवात काय, तर सर्दी!

मग हा विषाणू खाटेवरून खाटेवर जातो कसा? याचे उत्तर शोधणारा एक प्रयोग मला फार आवडला. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे डॉ. कॅरोलिन ब्रीझ हॉल यांनी तो केला आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. आर.एस.व्ही.ने आजारी असलेल्या बाळांजवळ त्यांनी स्वयंसेवकांचे तीन गट पाठविले. पहिल्या गटाने बाळाला कडेवर घेतले, दूध पाजले, दुपटी बदलली. दुसऱ्या गटाने बाळ तेथे नसताना त्याच्या पाळण्याला व आसपासच्या वस्तूंना हात लावला आणि मग स्वतःच्या नाकाडोळ्यांना बोट लावले. तिसरा गट सहा फुटांपेक्षा अधिक अंतरावर नुसता बसून राहिला. पहिल्या गटातील ७ पैकी ५ जणांना लागण झाली, दुसऱ्यातील १० पैकी ४ जणांना, आणि नुसत्या बसलेल्या १४ जणांपैकी एकालाही नाही!

दुसऱ्या गटाकडे नीट पाहा. त्यांनी बाळाला पाहिलेसुद्धा नव्हते. डॉ. हॉल यांनीच त्याआधी दाखविले होते की बाळाच्या नाकातील स्राव टेबलाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पडला तर त्यात हा विषाणू सहा तासांपर्यंत टिकतो. कापडावर व हातांवर तो त्याहून कमी वेळ टिकतो. पण एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत जायला किती वेळ लागतो? मला तो पेला आणि ती उशी आठवली.

सुदैवाने या विषाणूला चरबीचे वेष्टन असते व साबण ते फोडतो. म्हणून आळा घालण्याचे पहिले साधन हात धुणे हेच. परंतु या प्रयोगावरून मास्क निरुपयोगी ठरतो, असे मात्र कुणी समजू नये. इन्फ्लुएन्झा आणि २०२० पासून आपण सर्वांनी पाहिलेला कोरोना हे हवेतूनही पसरतात, आणि दाराशी उभ्या सिस्टरला कोणाच्या नाकात कोणता विषाणू आहे हे कसे दिसावे? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या प्रत्यारोपण विभागात रुग्णाजवळ जाणाऱ्या प्रत्येकाला, सर्दी असो वा नसो, मास्क सक्तीचा केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार श्वसनविषाणूंची लागण १०.३ टक्क्यांवरून ४.४ टक्क्यांवर आली.

बाकीचे उपाय थोडक्यात सांगतो. सर्दी दिसताच रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवावे, नाकातील नमुन्याची तपासणी करावी, पण निकालाची वाट पाहत बसू नये. त्याच्यासाठी शक्यतो वेगळी परिचारिका नेमावी. लागणीपासून लक्षणे दिसेपर्यंत चार-सहा दिवस जातात, म्हणून शेजारच्या खाटांवरही आठवडाभर नजर ठेवावी. इन्फ्लुएन्झाची लस रुग्णाच्या घरच्यांनी व कर्मचाऱ्यांनी घ्यावी. आर.एस.व्ही.वर ज्येष्ठांसाठी पहिली लस २०२३ मध्ये मान्य झाली, परंतु लागण झाल्यावर हमखास गुण देणारे औषध हाती नाही.

सर्वांत अवघड उपाय मला वेगळाच वाटतो. सर्दी झालेल्या परिचारिकेने, आयाने, डॉक्टरने घरी राहणे! आपल्याकडे शिंकत कामावर येणाऱ्याला कर्तव्यदक्ष म्हणतात. ज्यांचा रोज बुडतो त्यांनी घरी राहावे तरी कसे? पगारी रजा हाही साथ रोखण्याचाच भाग आहे, हे रुग्णालय चालविणाऱ्यांनी मान्य करायला हवे. आणि भेटीला येणाऱ्यांना अडविताना रुग्ण एकटा पडतो, हेही विसरून चालणार नाही. आपल्याकडे घरचे माणूस उशाशी नसेल तर रुग्ण अर्धा खचतो. तेव्हा सरसकट बंदीपेक्षा दाराशी विचारपूस आणि एकच ठरलेला सोबती, ही पद्धत मला अधिक योग्य वाटते.

सर्दी पूर्ण गेल्यावर आणखी आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो. त्याच सिस्टर होत्या. "कै तोळकोळ्री," त्या म्हणाल्या. मी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, मास्क बांधला आणि आत गेलो. मावशीला घरचे फोटो दाखवावेत म्हणून खिशातून मोबाईल काढला, तर ती म्हणाली, "अरे, हात धुतलेस ते पाहिले मी. मोबाईल पुसलास का?"

मी पुन्हा बाहेर गेलो.