अवजड वाहने आणि रस्त्यावरील प्रवेश

रस्ता सार्वजनिक असतो. परंतु कोणतेही वाहन, कितीही भार घेऊन, कोणत्याही वेळी त्यावरून जाऊ शकते, असा याचा अर्थ नव्हे. अवजड वाहनांच्या बाबतीत कायद्यापुढे दोन भिन्न प्रश्न असतात. वाहन रस्त्यावर आणण्यास योग्य आहे काय, हा पहिला; आणि ते योग्य असले तरी या विशिष्ट रस्त्यावर त्यास प्रवेश द्यावा काय, हा दुसरा.

पहिला प्रश्न बव्हंशी भाराचा आहे. रस्त्याची झीज ट्रकच्या एकूण वजनापेक्षा प्रत्येक आसावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांवरून असे दिसून आले की, ही झीज आसभाराच्या साधारणतः चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला, तर झीज सुमारे सोळापट होते. भारतात २०१८ साली चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आली. भारातील ही वाढ एक-अष्टमांशाची. उपर्युक्त नियमाने झीज मात्र सुमारे साठ टक्क्यांनी वाढते. मर्यादेपलीकडील प्रत्येक टन महाग पडतो, तो यामुळेच. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये, आणि शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड ठरविण्यात आला.

दुसऱ्या प्रश्नाचा आधार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ११५ वे कलम होय. सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचे स्वरूप पाहून वाहतुकीवर निर्बंध घालण्याचा अधिकार ते राज्य शासनास देते. म्हैसूरहून गुंडलुपेटमार्गे कोळिकोडला जाणारा राष्ट्रीय महामार्ग बंडीपूरच्या अरण्यातून जातो. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी हे एक. रात्री वाहनांखाली वन्यप्राणी मरू लागल्याने चामराजनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जून २००९ मध्ये रात्री ९ ते सकाळी ६ पर्यंत वाहतूक बंद केली. थोड्याच दिवसांत तो आदेश मागे घेण्यात आला; तथापि प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०१० मध्ये न्यायालयाने बंदी उचलून धरली. केरळने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

वायनाडच्या रहिवाशांची तक्रार निराधार नव्हती. नाशवंत भाजीपाला वेळेवर न पोहोचल्यास तोटा शेतकऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा होतो. यास्तव रुग्णवाहिका, अग्निशामक वाहने व मोजक्या बसगाड्या यांना मुभा ठेवण्यात आली; इतरांसाठी हुणसूर, गोणीकोप्प व कुट्टा या मार्गाचा, अंतराने अधिक असलेला, पर्याय होता.

येथे निर्दोष, कमी भाराचा ट्रकदेखील नाक्यावर थांबतो. कारण निर्बंध वाहनाच्या दोषामुळे नसून स्थळ व काळ यांमुळे आहे. असा निर्बंध न्याय्य ठरण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात : स्पष्ट कारण, नेमके अपवाद आणि वापरण्याजोगा पर्यायी मार्ग. यांपैकी एकही नसेल, तर नियमाचा भार शेवटी चालकावर आणि माल पिकविणाऱ्यावर पडतो.