पिल्ले केव्हा आणावीत?

शाळेच्या आवारात किंवा घरामागे पन्नास कोंबड्या पाळायच्या असे तुम्ही ठरवले आहे, असे समजू. खुराडे झाले, पैसे जमले. आता उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्ले आणायची. पण कोणत्या महिन्यात? अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. हा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पसरलेला आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडून देते. दुपारी सदऱ्यावर फिरणारा माणूस पहाटे शेकोटी शोधतो. नगर शहरात डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरणे नवलाचे नाही.

आता पिल्लाकडे पाहा. त्याचे वजन जेमतेम ३५ ते ४० ग्रॅम. अंगावर पिसे नाहीत, नुसती लव. शिवाय आकार लहान. एकाच भांड्यात उकडलेले लहान-मोठे बटाटे ताटात काढून ठेवा. लहान बटाटा आधी निवतो. १ सेंटीमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ आणि घनफळ १. ३ सेंटीमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ५४ आणि घनफळ २७. म्हणजे लहान वस्तूत दर एकक घनफळामागे पृष्ठभाग तिप्पट, आणि उष्णता तर पृष्ठभागातूनच जाते. मोठ्या कोंबडीचे शरीर ४१ अंशांच्या आसपास स्थिर राहते. पिल्लाला ते पहिले दोन-तीन आठवडे साधत नाही. खुडूक कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते ते याचसाठी. (अंड्यातला उरलेला बलक पोटात असल्यामुळे पिल्लू दोन-तीन दिवस अन्नावाचून राहू शकते. म्हणूनच ती खोक्यातून लांबवर पाठवता येतात. उबेवाचून मात्र ते एक रात्रही काढू शकत नाही.)

पंखांची जागा आपण विजेच्या दिव्याला देतो. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश तापमान हवे, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी. थोडे गणित करू. डिसेंबरच्या मध्यावर पिल्ले आणली आणि चारही आठवडे पहाटेचे तापमान १० अंश धरले, तर भरून काढायचा फरक अनुक्रमे २५, २२, १९ आणि १६ अंश. बेरीज ८२. तीच पिल्ले फेब्रुवारीच्या अखेरीस आणली आणि पहाटेचे तापमान १५, १६, १७, १८ असे चढत गेले, तर फरक २०, १६, १२ आणि ८. बेरीज ५६. खुराड्यातून बाहेर जाणारी उष्णता साधारण या फरकाच्या प्रमाणात असते. तेव्हा उबेचा खर्च जवळजवळ एक तृतीयांशाने घटला!

खर्चापेक्षाही धोका महत्त्वाचा. रात्री वीज गेली की गारठलेली पिल्ले एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. सकाळी कोपऱ्यात ढीग सापडतो. म्हणून कोपरे पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या गोल कड्याने बुजवा, खाली भाताच्या तुसाची जाड गादी घाला. दर पिल्लामागे सुमारे २ वॅट धरून दिवे लावा. एकच मोठा दिवा नको, दोन लहान असू द्या. कोळशाची शेगडी बंद खोलीत मुळीच ठेवू नका. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड पिल्लांना मारतो आणि माणसांनाही. तापमापक नसला तर पिल्लेच वाचा. दिव्याखाली गर्दी करून चिवचिवाट चालला असेल, तर ऊब कमी. चोची उघडून, पंख पसरून कडेला गेली असतील, तर जास्त. सगळी एकाच बाजूला असतील, तर दुसरीकडून वारा शिरतो आहे.

“मग पुढे एप्रिल-मेचा उन्हाळा नाही का?” असे तुम्ही विचाराल. आहे, आणि नगरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. पण हिवाळ्यात नडणारी तीच भूमिती आता उपयोगी पडते. सहा-आठ आठवड्यांचे हलके पाखरू आपली उष्णता सहज टाकते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. भारी, अंड्यावरची कोंबडी उन्हात नुसती धापा टाकते. त्या धापांत कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि अंड्याचे कवच पातळ होते. डिसेंबरात आणलेल्या लेगहॉर्न तलंगा, म्हणजे पहिल्यांदा अंड्यावर येणाऱ्या कोंबड्या, नेमक्या मे महिन्यात अंडी द्यायला लागतील. फेब्रुवारी अखेरच्या तलंगा सुमारे पाच महिन्यांनी, जुलैच्या शेवटी, सुरू होतात आणि थंडीत अंड्यांना मागणी वाढते तेव्हा जोमात असतात. देशी कोंबड्या याहून महिना-दोन महिने उशिरा येतात.

हिवाळ्यात एक अडचण उरते. आपल्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरात ११ तासांचा. प्रकाश कमी झाला की मेंदूतून अंडाशयाला मिळणारी चेतना मंदावते. पहाटे आणि संध्याकाळी दिवा लावून उजेड १४-१५ तास केला की काम भागते.

अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातल्या, भंडारदरा-घाटघरकडच्या विद्यार्थ्यांनी मात्र आपले वेगळे पंचांग करावे. उंचीमुळे तिथली थंडी लवकर हटत नाही. “होळी जळाली, थंडी पळाली” हीच तिथली खूण धरावी. त्याहून उशीर नको. जूननंतरच्या धुवाधार पावसात गादी ओली होते आणि रक्ती हगवण बळावते. हा रोग तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना अधिक छळतो. मार्चची पिल्ले तोवर ते वय ओलांडून गेलेली असतात. मानमोडीची पहिली लस मात्र कोणत्याही ऋतूत पहिल्याच आठवड्यात द्यायची.

या वर्षी पिल्ले आणण्याआधी एक करा. खुराड्यात जमिनीपासून चार बोटे उंचीवर तापमापक टांगा आणि जानेवारीपासून रोज सूर्योदयापूर्वीचा आकडा वहीत लिहा. शेजारच्या रकान्यात त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रातले नगरचे किमान तापमान नोंदवा. दोन्हींत किती अंशांचा फरक पडतो, आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावल्यावर तो किती बदलतो, ते पाहा. तुमचा आकडा सलग आठवडाभर १५ च्या वर राहिला, की पिल्लांची मागणी नोंदवायला हरकत नाही.