वारीतले अन्न आणि अंगातले रक्त



माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते तो दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. मजल मोठी, वाटेत दिवे घाटाची चढण, आणि त्यातच उपवास. अशाच एका वर्षी घाटाच्या मध्यावर आमच्या दिंडीतील एक बाई डोक्यावरची तुळस शेजारणीच्या हाती देऊन मटकन खाली बसल्या. ओठ पांढरे, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आम्ही विचारले, "माउली, सकाळपासून काही खाल्ले का?" त्या म्हणाल्या, "खाल्लंय की! साबुदाणा खाल्लाय, दोन येळा च्या झालाय. पोट भरलंय, पर पाय उचलंना."

वैद्यकीय तंबूत त्यांचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन साडेसात निघाले. बाईमाणसाला ते निदान बारा हवे. "पोट भरलंय, पर पाय उचलंना" हे त्यांचे बोलणे आमच्या मनातून गेले नाही. पोट भरणे आणि अंगाला लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या पुष्कळ मायबहिणींच्या बाबतीत पहिली होते, दुसरी होत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत शंभरी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे दिंडीत फुगडी घालणाऱ्या दोघींतली एक! जुने वैद्य या दुखण्याला पांडुरोग म्हणत. पांडू म्हणजे फिकट. नाव ऐकून कोणी हात जोडू नयेत.

आता रक्त कमी म्हणजे नेमके काय कमी, ते पाहू. रक्तात तांबड्या पेशी असतात, त्यांत हिमोग्लोबिन असते, आणि त्याच्या पोटात लोह असते. श्वासातला प्राणवायू फुप्फुसातून उचलून पायाच्या पोटरीपर्यंत पोचवायचा हे त्याचे काम. लोह कमी पडले की वाहणारेच कमी होतात. मग हृदय धडधडून तेच थोडके रक्त भराभर फिरवू पाहते, आणि चढण आली की त्याचेही काही चालत नाही.

ही तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. आषाढी ते कार्तिकी, आपला चातुर्मास, तेवढेच तिचे आयुष्य! आषाढीला अंगात जन्मलेली पेशी कार्तिकीच्या सुमारास संपते. म्हणून दिवे घाट चढायला लागणारे रक्त आळंदीच्या प्रस्थानाच्या दिवशी तयार होत नाही. ते फाल्गुन-चैत्रापासून घरच्या ताटात तयार होत असते. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी डाळिंबाचा रस पिऊन रक्त वाढत नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण तसे करणारे भेटतात.

लोह कशात आहे? शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे सहा मिलिग्रॅम, ज्वारीत चार, आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळात एकही पुरते नाही. राजगिऱ्याच्या दाण्यात आठ-नऊ. तेव्हा ज्या घरात भाकरी जाऊन दोन्ही वेळा भातच आला, त्या घराने काय गमावले हे ध्यानी येईल. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह अन्नातून मिळावे असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरविले, पुरुषाला १९. आकडा मोठा वाटतो, पण धान्य-भाजीतले लोह अंगी लागते ते शंभरातील पाच-दहा भागच. बाकीचे जसे आले तसे निघून जाते.

ते अंगी लागणे वाढवायचे की घटवायचे, हे मात्र पुष्कळसे आपल्या हाती आहे. जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्याबरोबर चहा घेतला तर चहातले तुरट द्रव्य लोहाला धरून बसते आणि निम्म्याहून अधिक लोह फुकट जाते. उलट पिठल्यावर, उसळीवर लिंबू पिळले, जेवणात आवळा किंवा पेरूची फोड असली, तर क जीवनसत्त्वामुळे तेच लोह दुप्पट-तिप्पट अंगी लागते. लिंबू मात्र भांडे चुलीवरून उतरल्यावर पिळावे. आमटी लोखंडी कढईत केली तर कढईचेही थोडे लोह उतरते, आणि चिंच-आमसुलासारखे आंबट त्यात असेल तर अधिक. गूळ-शेंगदाणा चांगलाच, पण एकट्या गुळावर भिस्त ठेवू नये.

चहाला आम्ही शत्रू म्हणत नाही. पावसात भिजलेल्या माणसाला त्याचा मोठा आधार असतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा, एवढेच मागणे.

परंतु लोहानेच सर्व भागते असे नाही. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांना एक विचित्र रक्तक्षय होत असे. त्यांच्या रक्तातील पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने मोठ्या. विल्सबाईंनी या बाया काय खातात त्याची विचारपूस केली. भाजीपाला, फळफळावळ ज्यांच्या पोटी जवळजवळ जात नव्हते, त्यांनाच हे दुखणे जास्त. यीस्टचा अर्क खाऊ घातला आणि पेशी सुधारू लागल्या. हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातले द्रव्य कोणते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून ते वेगळे काढले, आणि लॅटिन भाषेत पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव पडले. आज गरोदर बाईच्या हाती सरकारी दवाखान्यात जी लोह-फॉलिकची गोळी पडते, तिची एक मुळी अशी मुंबईच्या गिरणगावात आहे. हे आम्ल हिरव्या पालेभाजीत, हरभऱ्यात, मुगात, चवळीत, शेंगदाण्यात आहे. भाजी उकळून पाणी ओतून दिले की ते पाण्याबरोबर जाते.

तिसरे द्रव्य माळकऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. ते म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. हे कोणत्याही धान्यात, डाळीत, भाजीत भरवशाचे मिळत नाही. आपण माळकरी मांस-अंडे खात नाही, तेव्हा आपल्याला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळणार. गरज अगदी थोडी, मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाचे दोन-अडीच भाग. अर्धा लिटर दूध-दह्यात ती जवळजवळ भागते. पण घरचे सगळे दूध डेअरीला घालून चहापुरते ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. ब-१२ कमी पडले की रक्त तर उतरतेच, शिवाय पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, चालताना तोल जातो. "वय झालं, आता चालायचंच" म्हणून म्हातारी माणसे ते अंगावर काढतात. तसे करू नये. फॉलिकच्या गोळीने अशा वेळी रक्त सुधारलेले दिसते आणि नसांची हानी आतून चालूच राहते. ब-१२ ची तपासणी वेगळी होते, गोळी-इंजेक्शनही वेगळे मिळते. वृद्धांना आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना ते अन्नातून कमी शोषले जाते, म्हणून त्यांनी आधी विचारावे.

राहता राहिला उपवास. एकादशी मोडा असे आम्ही सांगणार नाही, आणि सांगितले तरी कोण ऐकणार! पण साबुदाणा म्हणजे कंदाचे नुसते पिठूळ सत्त्व. त्यात प्रथिने नाहीत म्हटले तरी चालेल, लोहही नाममात्र. खिचडीत जो काही जीव असतो तो शेंगदाण्याचा. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी किंवा लाडू, दाण्याची आमटी, दही-ताक, लिंबाचे सरबत, हे सर्व उपवासाला चालते आणि अंगालाही लागते.

रक्त कमी निघाले तर कारण शोधावे. अंगावरून फार जाते का, मूळव्याध आहे का, हे लाजून लपवू नये. अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्यातून आकडी जंत शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात. त्यावर सोपे औषध आहे. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, त्याला भिऊन पुष्कळजणी गोळ्या टाकून देतात. ते काळे होणे निरुपद्रवी आहे.

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही असा विचार करीत होतो. घाटात बसलेल्या त्या बाई दिंडीच्या स्वयंपाकातल्या. पाचशे माणसांच्या पंगती उठल्यावर त्या आणि त्यांच्या सोबतिणी जेवायला बसत, तोवर उसळीचे पातेले खरवडलेले असे आणि भात तेवढा शिल्लक. हे आमच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे चालले होते आणि आम्ही पहिल्या पंगतीला बसत होतो. त्यानंतरच्या वारीपासून स्वयंपाकातल्या मायबहिणींची उसळ, लिंबू आणि ताक आधी झाकून बाजूला काढतो आणि मगच वाढपी पंगतीत शिरतात. जेवणानंतरचा चहाही तासभर लांबला. चहावरून कुरकुर झाली, अजूनही होते.